गुलाबी फोम, काळा फोम आणि आमच्या आठ जणींचं टेबल

किस्से कोणाकडे साठतात हे मला आता पक्कं कळलंय. जो सगळ्यात शेवटी बसतो त्याच्याकडे! कंपनीत पॅकिंग खातं शेवटी असतं. डिझाइनवाल्यांची चूक, सोल्डरिंगवाल्यांची घाई, पर्चेसवाल्यांची काटकसर, सगळं फिरत फिरत आमच्या टेबलावर येतं आणि त्याच्यावर चिकटपट्टी मारायचं काम आमचं. पुढे माल बिघडला की बोट कोणाकडे? चिकटपट्टी मारणाऱ्याकडे! अठरा वर्षं हेच बघतेय. मैत्रिणी जमल्या की फर्माईश होते, "वैशाली, तो म्हशीचा सांग ना!" सांगते. सगळ्या खो खो हसतात आणि चहा प्यायला उठतात. पण ते सगळे किस्से एकाच भांडणातले आहेत आणि ते भांडण मी किती जिवावर उदार होऊन लढले, हे कोणी विचारत नाही. म्हणून आज सगळे ओळीने सांगते.

नगरच्या एमआयडीसीत आमची छोटी कंपनी आहे. दूध संकलन केंद्रावर दुधातली फॅट मोजून पावती छापणारं मशीन असतं ना, त्याच्या पोटातला सर्किट बोर्ड आम्ही बनवतो. बोर्ड पुण्याच्या एका कंपनीला जातात, ते लोक मशीनमध्ये बसवतात. पॅकिंगला आम्ही आठ जणी, आणि मी इनचार्ज.

झालं असं की पुण्याहून तक्रारी यायला लागल्या. आम्ही प्रत्येक बोर्ड पेटीत घालण्याआधी तपासतो. हिरवा दिवा लागला तरच आत. पण पुण्यात पेटी उघडली की चार-पाच बोर्ड ठार! दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी साहेबांनी बोलावलं. साहेब म्हणजे आमचे मालक, माणूस भला, पण वाईट बातमी द्यायची असली की खिडकीकडे बघून बोलतात.

"वैशाली, ते म्हणतायत पॅकिंग चुकतंय. चाकणला एक एजन्सी आहे, तिला पॅकिंग देऊन टाका म्हणतायत."

"आणि आम्ही आठ जणी?"

साहेब खिडकीकडेच बघत राहिले. मला असा राग आला म्हणून सांगू! "साहेब, तीन महिने द्या," मी म्हटलं. "तीन महिन्यांनंतर एक जरी बोर्ड पॅकिंगमुळे मेला, तर मी स्वतः ही टेबलं टेम्पोत चढवून चाकणला पोचवून येईन!" रागात बोलून गेले खरी, पण घरी जाताना हिशोब करत गेले. आठांपैकी पाच जणींची घरं त्याच पगारावर चालत होती.

*

मी बीएस्सी फिजिक्स. त्यामुळे संशय कोणावर घ्यायचा हे मला माहीत होतं. स्टॅटिक! कोरड्या हवेत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना, तेच. आपल्याला नुसती टिचकी बसते, पण बोर्डावरच्या चिपचा त्यात जीव जातो. आणि आम्ही बोर्ड गुंडाळत होतो साध्या पांढऱ्या फोममध्ये, जो नुसता घासला तरी स्टॅटिक तयार करतो. नगरची थंडीतली कोरडी हवा म्हणजे त्याला आमंत्रणच!

सगळ्या जणींना गोळा करून मी हे समजावून सांगितलं. अलका आमच्यातली सगळ्यात तोंडाळ, माहेर घोडेगावचं. ती म्हणाली, "दिसत न्हाई, वास न्हाई, आवाज न्हाई. ताई, मग ते हाय कशावरनं म्हनता?"

मार्थाबाई सगळ्यांत जुन्या. दर रविवारी चर्चला जाणार आणि सोमवारी सगळ्यांच्या आधी कामाला हजर. त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, मी रविवारी न दिसनाऱ्यापुढंच गुडघे टेकिते. सोमवारी कशाला अडून बसू?"

पण अलकाला पुरावा पाहिजे होता. मी साहेबांच्या मागे लागून स्टॅटिक मोजायचं मीटर मागवलं, टॉर्चएवढं. पांढऱ्या फोमवर धरलं तर आकडा असा पळाला की सगळ्या जणी मागे सरकल्या. मग गंमत म्हणून अलकाच्या नायलॉनच्या साडीवर धरलं. पाच हजार व्होल्ट! अलकाचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्या दिवसापासून सगळ्यांना सुती अॅप्रन लागू केला.

दुसऱ्या दिवशी अलका हसतच आली. "ताई, काल घरी मालकास्नी म्हनले, लांब ऱ्हावा, माझ्या अंगात पाच हजार व्होल्ट हायेत!"

"मग काय म्हणाले?"

"म्हनले, त्यात नवीन काय? लग्न झाल्यापासनं म्हाईत हाय मला!"

*

आता नवा फोम मागवायचा होता. स्टॅटिक न करणारा फोम गुलाबी रंगाचा येतो, म्हणजे लांबूनच ओळखू यावा म्हणून. मी पर्चेसच्या थोरातभाऊंना चिठ्ठी दिली. "गुलाबी फोम, अँटिस्टॅटिक, अर्धा इंच जाड." थोरातभाऊ राहात्याकडचे. घरी डाळिंबाची बाग, आणि नोकरीत एकच ध्येय, स्वस्तात आणायचं!

चारच दिवसांत थोरातभाऊंनी टेम्पोभर गुलाबी फोम आणून उतरवला. चेहऱ्यावर अशी विजयी मुद्रा की विचारू नका. मी मीटर धरलं. आकडा पांढऱ्या फोमच्याही वर गेला!

"भाऊ, हा कुठून आणला?"

"आमच्या गावाकडनं. एक्स्पोर्ट क्वालिटी हाय! डाळिंबं ह्याच्यात बसून थेट दुबईला जात्यात. तुमचे बोर्ड तर निस्ते पुन्याला जायचे!"

"भाऊ, चिठ्ठीत अँटिस्टॅटिक लिहिलं होतं की हो."

"पयला शब्द गुलाबी लिवला हुता तुमी. त्यो जमला म्हनल्यावर म्या फुडं वाचलंच न्हाई!"

मी त्यांना बसवून शिकवलं. रंगात काही नसतं, त्यात एक रसायन घातलेलं असतं, ते काम करतं. थोरातभाऊंनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि उठता उठता मला म्हणाले, "तुमचं पटलं ताई. पन ह्या फोममधी डाळिंबाला डाग पडत न्हाई, येवढं तरी मान्य करा!"

मी मान्य केलं. फोम परत गेला.

*

मग खरे फोमवाले यायला लागले. एक सेल्समन आला, टाय लावून, हातात सॅम्पलची बॅग. "मॅडम, आमचा पिंक फोम दहा वर्षं टिकतो." सगळेच असं म्हणतात. मी म्हटलं ठेवा सॅम्पल, आम्ही बघतो.

अलका पुढे झाली. तिचे वडील घोडेगावच्या बाजारात बैलांची पारख करायचे, लहानपणी ही त्यांच्याबरोबर जायची. तिने फोमचा तुकडा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, कडा चाचपल्या. अंगठ्याने खच्चून दाबला आणि सोडला. खड्डा तसाच! मग तुकडा उन्हात नेला, वास घेतला, बोटं एकमेकांवर चोळून बघितली. बोटांना तेलकट लागलं. म्हणजे वरचं रसायन आत्ताच सुटायला लागलं होतं.

सेल्समन अस्वस्थ झाला. "मॅडम, फोम असा दाबून बघत नाहीत. आमच्याकडे सर्टिफिकेट आहे."

"बैलवाल्याकडं बी असतंय," अलका म्हणाली. "चार वर्साचा म्हनून दावतो आन् दात मोजाया तोंड उघडू देत न्हाई!"

सेल्समनने बॅग बंद केली. दारात थांबून त्याने मला हळूच विचारलं, "या मॅडम आधी कुठल्या कंपनीच्या क्वालिटीला होत्या?"

पाच कंपन्यांचे तुकडे आम्ही पत्र्यावर उन्हात टाकून ठेवले, रोज मीटर लावलं. अलकाने पहिल्या दिवशी दाबून जो निवडला होता, तोच शेवटपर्यंत टिकला. बाकी चार पंधरवड्यातच बाद!

*

हा किस्सा सांगताना मला अजून लाज वाटते, कारण यातली चूक पूर्णपणे माझी.

गुलाबी फोम आला, तक्रारी निम्म्या झाल्या. पण मला निम्म्या नको होत्या, मला एकही नको होती! मी वाचलं की काळा फोम त्याहून भारी. तो वीज स्वतःतून वाहून नेतो, त्यामुळे कुठे साठतच नाही. सुट्या चिपचे पाय त्यात खोचून पाठवतात. मी विचार केला, चिपला चालतो तर बोर्डाला काय हरकत आहे? आणि एक अख्खा लॉट काळ्या फोममध्ये बसवून पाठवला.

महिनाभराने माझ्या भावाचा फोन आला. संगमनेरच्या बाजूला आमच्या माहेरगावी तो दूध संकलन केंद्र चालवतो आणि त्याच्याकडे नेमकं आमच्याच बोर्डाचं नवं मशीन आलं होतं.

"ताई, तुज्या मशीननं निस्ता घोळ घातलाय. लाईट गेली आन् आली, की पावतीवर तारीख येतीया एक जानेवारी दोन हजार! सगळ्यांच्या पावत्यांवर!"

माझ्या एकदम डोक्यात प्रकाश पडला. बोर्डावर एक बटणाएवढी बॅटरी असते. लाईट गेली तरी घड्याळ चालू ठेवायचं काम तिचं. काळ्या फोममधून वीज वाहते म्हटल्यावर त्या बॅटरीची वीजसुद्धा वाहून गेली! पेटीत बसल्या बसल्या फोमने बॅटरी पिऊन टाकली होती!

"लोक काय म्हणतायत?" मी घाबरत विचारलं.

"लोकांचं काय, येक म्हातारबा पावती घिऊन मघाधरनं हितंच बसल्यात. म्हन्त्यात, ह्ये दूध माजं न्हाई!"

"का?"

"म्हन्त्यात, तवा माजी म्हस जल्मालाबी आली नव्हती!"

मी तडक साहेबांकडे गेले आणि चूक माझी आहे म्हणून सांगितलं. साहेब खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "वैशाली, हा बोर्ड मेला धरायचा का झोपला?"

"झोपला, साहेब."

"मग तुझी पैज अजून चालू आहे," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच खिडकीकडे न बघता बोलले. त्या लॉटच्या सगळ्या बॅटऱ्या आम्ही बदलून दिल्या. तेव्हापासून नियम पक्का आहे. सुट्या चिपा काळ्या फोमला. बोर्ड आधी चंदेरी पिशवीत, ती बाहेरचं स्टॅटिक आत येऊ देत नाही, आणि मग गुलाबी फोममध्ये.

*

छोटासा आहे, पण सांगून टाकते. चांगला गुलाबी फोम मोजून आणलेला, आणि एके दिवशी एक अख्खा तुकडा गायब. मी सगळ्यांची कपाटं उघडायला लावली. थोरातभाऊंची डिकी तपासली, त्यांना राग आला. शेवटी मार्थाबाई साहेबांच्या केबिनमध्ये सहीला गेल्या आणि हसू दाबत बाहेर आल्या.

तुकडा साहेबांच्या खुर्चीवर होता. साहेब त्याच्यावर बसलेले!

"अगं, गादीपेक्षा भारी आहे," साहेब ओशाळून म्हणाले.

"बसा साहेब, बसा," मार्थाबाई म्हणाल्या. "आता तुमी बी पुन्याला चांगल्या स्थितीत पोचाल!"

*

फोम ठरला, पिशवी ठरली. आता धक्क्यांची परीक्षा घ्यायची होती. पेटी टेम्पोत टाकायची, मनमाड रस्त्याने कोपरगावपर्यंत न्यायची आणि परत आणायची. त्या रस्त्यावर जो बोर्ड जगला तो कुठेही जगेल, हे नगरच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आमचे टेम्पोवाले रशीदभाई. माणूस सज्जन, जबाबदार. त्यांना पेटी दिली आणि सांगितलं, "भाई, नाजूक माल आहे, कोपरगावला जाऊन परत या." दुपारपर्यंत यायला हवे होते. संध्याकाळी पाच वाजले तरी पत्ता नाही! फोन उचलेनात. माझा जीव टांगणीला. साडेपाचला टेम्पो आला, बैलगाडीच्या चालीने. मी धावत मागचं फाळकं उघडलं. आत पेटीच नाही!

"भाई, पेटी?"

"ये काय पुढं," रशीदभाई म्हणाले. पेटी त्यांच्या शेजारच्या सीटवर होती. खाली गोधडी, वर गोधडी आणि भोवती सीटबेल्ट लावलेला!

"तुमीच बोल्ला ना ताई, नाजूक हाय म्हनून. वीसच्या वर काटा जाऊ दिला न्हाई. फोनसुदीक उचलला न्हाई. येक खड्डा लागू दिला न्हाई पेटीला, खुदा कसम!"

इतक्या प्रेमाने केलेल्या कामाला काय बोलणार? मी त्यांना चहा पाजला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः टेम्पोत बसले. पेटी मागे मोकळी टाकली आणि त्यांना बजावलं, "भाई, आज एकही खड्डा चुकवायचा नाही!" त्यांनी शब्द पाळला.

परत आल्यावर पेटी उघडली. बोर्ड सगळे चालू. माझी कंबर आठ दिवस बंद!

*

तीन महिने संपत आले. तक्रारी अगदी कमी झाल्या होत्या, पण थांबल्या नव्हत्या. दर लॉटमध्ये दोन नाहीतर तीन बोर्ड मेलेले निघायचेच. आता बदलायला काही उरलंच नव्हतं. रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता. हरायचं तर नव्हतं, पण जिंकायचं कसं हेही कळत नव्हतं.

आणि पुण्याहून निरोप आला. त्यांचे क्वालिटीचे कामत साहेब स्वतः येणार, आमच्याकडची तयार पेटी स्वतःच्या हाताने उघडणार, आणि आत एक जरी बोर्ड मेलेला निघाला तर पॅकिंग त्याच दिवशी चाकणला.

कामत साहेब आले. त्यांनी गोडाउनमधून स्वतः एक पेटी निवडली, टेबलावर ठेवली आणि कटर उचलला. आम्ही आठही जणी ओळीने उभ्या होतो. थोरातभाऊ दारात, रशीदभाई त्यांच्या मागे. आमचे साहेब पुन्हा खिडकीकडे बघायला लागले होते.

मार्थाबाई पुढे झाल्या आणि त्यांनी पेटीवर दोन्ही हात ठेवले.

"साहेब, आदी पट्टा."

पट्टा म्हणजे मनगटाला बांधायचा. त्याची तार टेबलातून जमिनीत गेलेली असते, अंगातलं स्टॅटिक त्यातून निघून जातं. आमच्या टेबलावर तो बांधल्याशिवाय पेटी भरत नाहीत आणि उघडतही नाहीत.

कामत साहेब हसले. "मावशी, मी काय भरतोय थोडंच? नुसतं उघडून बघणार आहे."

"बगा की. पट्टा बांदून बगा."

"मार्थाबाई, जाऊ द्या," आमचे साहेब घाईघाईने म्हणाले. "पाहुणे आहेत."

"पावने हायेत म्हनूनच सांगते. हितं आठ जनींच्या भाकरीचा सवाल हाय, साहेब. मी हात काढनार न्हाई."

कामत साहेबांनी मार्थाबाईंकडे बघितलं, कटर खाली ठेवला आणि मुकाट्याने हात पुढे केला. मार्थाबाईंनी पट्टा बांधला, ओढून बघितला, आणि मगच बाजूला झाल्या.

चोवीस बोर्ड होते. एकेक काढायचा, तपासायचा. हिरवा. हिरवा. हिरवा. अलका मोठ्याने मोजत होती. तेवीस हिरवा. चोवीस हिरवा! कोणी टाळी वाजवली नाही, कारण कामत साहेबांच्या कपाळावर आठ्या होत्या.

"इथे सगळे चालू," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "मग आमच्याकडे दर वेळी दोन-तीन मरतात कसे?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मार्थाबाईंनी विचारलं, "साहेब, तुमच्याकडं पेटी कोन उघडतं?"

"स्टोअरमध्ये उघडतात. पण आम्ही पट्टे दिलेत सगळ्यांना. मागच्या वर्षीच दिलेत."

"इचारून तर बगा."

कामत साहेबांनी फोन काढला, पुण्याला स्टोअरला लावला आणि आम्हालाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"अरे, आपले ते मनगटाचे पट्टे आहेत ना? नीट आहेत?"

पलीकडून मोठा उत्साही आवाज आला. "एकदम नीट आहेत सर! नवेकोरे! अजून पॅकिंगसुद्धा फोडलेलं नाही!"